मायक्रॉनच्या पलीकडची पकड

बोईसरच्या कारखान्यांत हीट एक्स्चेंजरच्या नळ्या ट्यूबशीटच्या भोकांत रोल करताना, म्हणजे आतून रोलर फिरवून फुगवून बसवताना, जो प्रश्न रोज उभा राहतो, तोच प्रश्न परदेशात रायफलची काडतुसे घरी भरणाऱ्या नेमबाजांना पडतो: धरायचे ते किती घट्ट? आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे, त्यामुळे या छंदाशी माझा संबंध फक्त पकडीपुरता. पितळी पुंगळीच्या मानेचा आतला व्यास गोळीपेक्षा साधारण 25 ते 75 मायक्रॉनने कमी ठेवतात. फरक वाढवला की पकड वाढणार, असे कुणालाही वाटेल. मला ते पटत नाही, आणि कारण साध्या गणितात आहे. गोळी 7.82 मिलिमीटरची धरली, तर 75 मायक्रॉन म्हणजे जवळजवळ 1 टक्का ताण. पितळ त्याच्या निम्म्याइतक्या ताणातूनही पूर्ववत होत नाही. उरलेला फरक मान कायमची फाकवण्यात जातो. गोळीच तिथे एक्सपांडरचे काम करते. म्हणजे एका मर्यादेनंतर पकड ठरते ती पितळाचा कडकपणा, मानेची जाडी आणि आतले घर्षण यांवर. दर वेळी बार उडाला आणि मान डायमध्ये दाबली गेली की पितळ कडक होते, आणि डाय तोच असूनही पकड बदलते. म्हणून जाणकार नेमबाज मान ठरावीक काळाने तापवून नरम करतात.

घट्टपणा नुसता वाया जात नाही, तो धातूत साठून राहतो, आणि ही बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. ब्रिटिश फौजेच्या काडतुसांच्या पुंगळ्या हिंदुस्थानात पावसाळ्यात ठेवल्या ठेवल्या तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढून घडवताना आत राहिलेला ताण, असे तिघांचे हे काम होते. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी 1921 मध्ये त्याचा उलगडा केला. किनाऱ्यावरच्या बर्फ कारखान्यांत अमोनियाच्या वाटेवर पितळेचा व्हॉल्व्ह बसवत नाहीत, ते याच भीतीने. रोल केलेल्या सांध्यातही साठलेल्या ताणाचा धोका असतो. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत प्रत्येकी 392 कूलंट चॅनेल आहेत. त्यांतल्या झिर्कोनियम-नायोबियमच्या नळ्या दोन्ही टोकांना पोलादी एंड फिटिंगमध्ये रोल करूनच बसवलेल्या असतात. कॅनडातल्या पिकरिंगच्या तिसऱ्या अणुभट्टीत 1974 मध्ये अशाच 17 नळ्या गळल्या. रोलर ठरलेल्या जागेच्या पुढे गेला होता, तिथे ताण राहिला आणि धातूत हायड्रोजनपासून बनलेल्या ठिसूळ हायड्राइडमुळे भेगा वाढत गेल्या. पकड कमी पडली म्हणून नव्हे, नको तिथे ताण पडला म्हणून.

यावर कामगारांपासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांचा पहिला आक्षेप ठरलेला: सैल राहून गळण्यापेक्षा जरा जास्त घट्ट बरे. पण रोल केलेला सांधा टिकतो तो नळी फुगल्यानंतर ट्यूबशीट मागे सरकू पाहते म्हणून. साध्या पोलादी नळीची जाडी 5 ते 8 टक्क्यांनी कमी झाली की सहसा भागते. त्यापुढे नळी पातळ होते, शेजारच्या भोकाचा आकार बिघडतो आणि आधी घट्ट बसलेली नळी सैल पडते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: टॉर्क कंट्रोलची मोटर असताना ही चर्चा कशाला? मोटर उपयोगाची आहेच, पण ती धातूचा विरोध आणि रोलरवरचे घर्षण एकत्रच मोजते. तेल कमी पडले किंवा नळ्यांचा लॉट कडक आला, तर मोटर ठरलेल्या आकड्यालाच थांबते आणि आतली पकड मात्र वेगळी असते. म्हणून नमुन्याचा सांधा करून तो कापून पाहणे, रोलिंगच्या आधी आणि नंतर आतला व्यास घेणे, लॉट बदलला की टॉर्क पुन्हा ठरवणे, हे टाळता येत नाही. टॉर्क कंट्रोल असताना हा वेळ वाया जातो, अशी कुरकुर प्रॉडक्शनवाले करणारच. नेमबाजांकडेही छोट्या प्रेसवर गोळी बसवताना लागणारे बळ दाखवणारा काटा असतो. तो किती वर गेला यापेक्षा प्रत्येक वेळी सारखा गेला का, हे ते पाहतात. ज्या काडतुसावर तो वेगळा पडतो, ते स्पर्धेच्या डब्यातून काढून सरावाच्या डब्यात टाकतात.