आई, अक्षरं पुसली का?

पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी शाळेने एक फॉर्म दिला होता. उंची, वजन, लसी, दात, डोळे. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी उंची-वजन घेतलं आणि बाकीच्या रकान्यांत 'नॉर्मल' लिहून शिक्का मारला. मीही काही बोलले नाही. सई चांगली धडधाकट होती. बसमधून दुकानांच्या पाट्या वाचत सुटायची. आणि मी कोण, तर आमच्या अंकात दर जूनला शाळाप्रवेशाचं पान लिहिणारी! डबा, दप्तराचं ओझं, रेनकोट, सगळ्यांवर लिहून झालं होतं. डोळे तेवढे राहून गेले होते.

त्या दिवशीही डोळे माझेच तपासायचे होते. माझं आटोपल्यावर सई म्हणाली, "मला पण त्या खुर्चीत बसायचंय." डॉक्टरीणबाई हौशी. म्हणाल्या, "बस की!" दोन्ही डोळे उघडे ठेवून तिने अगदी खालची ओळ घडाघडा वाचली. डावा झाकला, तरी वाचली. मग उजवा झाकला, तशी ती मान वाकडी करून कडेने बघायला लागली. "चोरून बघायचं नाही हं," मी दटावलं. त्यावर ती म्हणाली, "आई, अक्षरं पुसली का?"

उजवा डोळा ६/६, डावा ६/२४. म्हणजे निरोगी डोळ्याला चोवीस मीटरवरून जे वाचता येतं, ते तिच्या डाव्या डोळ्याला सहा मीटरवरून वाचावं लागत होतं. हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ साली तयार केलेल्या तक्त्याचं हे माप. इतकी वर्षं ते आकडे मी नुसते वाचत आले होते.

थेंब घालून, बाहुली मोठी करून पुन्हा तपासणी झाली. डाव्या डोळ्याला बराच नंबर, उजव्याला जवळजवळ नाहीच. अशा वेळी मेंदू स्पष्ट चित्र तेवढं घेतो आणि धूसर चित्राकडे दुर्लक्ष करतो. त्या डोळ्याने बघण्याची सवयच लागत नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, तिरळा दिसेलच असंही नाही. मूल तक्रार तरी काय करणार? त्याला जग पहिल्यापासून तसंच दिसत असतं.

"सात-आठ वर्षांच्या आत उपाय सुरू झाला तर गुण चांगला येतो. नंतर अवघड होत जातं," बाई म्हणाल्या. सईला सहा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. तो 'नॉर्मल'चा शिक्का रात्रभर माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही.

घरी सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. "पोरीच्या जातीला आत्तापासून चष्मा?" त्यांनी काशाची वाटी काढली, सईच्या तळपायांना तूप चोळलं, गाजरं आणवली. अ जीवनसत्त्व डोळ्यांना हवंच, पण गाजराने नंबर जात नाही, हे मी सांगून पाहिलं. त्या रुसल्या. रात्री मात्र हळूच विचारलं, "दिसेल ना गं तिला?"

सरकारी आणि अनुदानित शाळांत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं मुलांना तपासतात. आमची शाळा खासगी, म्हणजे तिथे भिस्त त्या फॉर्मवरच. वाचता न येणाऱ्या मुलाचीही तपासणी होते बरं का! इंग्रजी 'ई'चे पाय कुठल्या बाजूला आहेत, ते त्याने बोटांनी दाखवायचं. घरी आपणही खेळता खेळता एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचायला लावू शकतो. मूल चांगला डोळा झाकू देत नसेल, तर लगेच शंका घ्यावी. पण घरचा खेळ जमला म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळू नये. आम्ही दोघी एका छपराखाली सहा वर्षं राहिलो, तरी मला कळलं नव्हतं.

आधी काही आठवडे नुसता चष्मा. मग रोज दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी. पहिले पंधरा दिवस नको ते आठवणं. पट्टी ओरबाडून ती रडायची, "माझा चांगला डोळा का बंद करता?" मला उत्तर सुचायचं नाही. मी नुसती दुसरी पट्टी लावायची.

पट्टी असताना बारीक काम करू द्या, असं बाईंनी सांगितलं होतं. चित्रं रंगवून झाली, मणी ओवून झाले. शेवटी सासूबाईंनीच ताटात तांदूळ घेतले आणि तिला शेजारी बसवलं. गेल्या तपासणीत डावा डोळा ६/१२ वर आला. पट्टी अजून आहेच. काल संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर दोघी ताटावर वाकलेल्या. सासूबाईंनी त्यांच्या बाजूचे तांदूळ निवडून पुढे सरकवले होते. सईने त्यात बोट घातलं आणि म्हणाली, "आजी, हा बघ. तुझा राहिला."