बदली झाली

आपल्याकडे माणसाची बदली होते. ती कोणी केली, हे सहसा वाक्यात दिसत नाही; पाऊस यावा, उशीर व्हावा, तशी ती होते. इंग्रजीत हे इतक्या सहज सुटत नाही. तेथे बदली झालेल्या मनुष्यास कर्मणी प्रयोगाच्या दारातून आत यावे लागते : 'आय वॉज ट्रान्सफर्ड टु ओसाका.' कोणी केली हे इंग्रजीही सांगत नाही. परंतु कोणीतरी केली, आणि ती माझ्यावर केली, इतके तो एक 'वॉज' कबूल करून टाकतो.

ही बारीक गोष्ट माझ्या ध्यानात आणून दिली एका जपानी गृहस्थांनी. पुण्याजवळच्या एका कारखान्यात ते नोकरीनिमित्त आले होते, व आठवड्यातून दोन सायंकाळी इंग्रजी संभाषणाच्या सरावासाठी माझ्याकडे येत. 'आय ट्रान्सफर्ड टु पुणे' असे ते नेमाने म्हणत. मी सांगे की, अशाने तुम्ही आपण होऊन बदली मागून घेतलीत असे ऐकणाऱ्यास वाटेल. 'वॉज ट्रान्सफर्ड' म्हणा. ते मान डोलावीत, वहीत लिहून घेत, आणि पुढच्या खेपेस पुन्हा 'आय ट्रान्सफर्ड'! अखेर एकदा संकोचत त्यांनी विचारले, "हे वाक्य कुरकुरल्यासारखे नाही का वाटत?"

त्या प्रश्नामागे त्यांची सारी भाषा उभी होती. नोकरीतील बदलीला जपानीत 'तेन्किन' म्हणतात. 'तेन्किन शिमासु' म्हटले की जाणारा मनुष्य स्वतःच कर्ता. 'तेन्किन नि नारिमाशिता' म्हणजे तर थेट आपले 'बदली झाली'. हे ऐकून परमुलखात गाववाला भेटल्याचा आनंद मला झाला. कर्मणी रूपाची गोष्ट मात्र निराळी. त्याला नेहमीच दुःखाची छटा असते असे नाही. मंदिर बांधले गेले, यात कोणाचे काय बिघडले? पण अवचित पावसाने भिजवले की जपानी मनुष्य 'आमे नि फुरारेता' म्हणतो. पाऊस पडला खरा, पण तो मला बाधला, असा त्याचा भाव. या प्रकाराला तिकडचे व्याकरणकार चक्क उपद्रवाचा कर्मणी प्रयोग म्हणतात. आणि बदलीसाठी कर्मणी शब्द आहे तो 'तोबासारेता', म्हणजे 'उडवला गेलो', कोठेतरी दूर भिरकावला गेलो. हा शब्द साहेबापुढे उच्चारायचा नव्हे, तो मित्रांतला. माझे निरुपद्रवी 'वॉज ट्रान्सफर्ड' त्यांच्या कानी याच चालीवर पडत असले पाहिजे. (सोपे म्हणून कोणी 'आय वॉज मूव्हड' म्हणेल, तर याचे अंतःकरण हेलावले आहे असे इंग्रज समजेल. तेही अगदीच खोटे नसेल म्हणा.)

परंतु बदली खरोखर पावसासारखी असते काय? या गृहस्थांची पत्नी व शाळकरी मुलगी मागे हामामात्सुला होती. कुटुंब मागे ठेवून एकट्यानेच नव्या जागी रुजू होणे, याला जपानीत 'तान्शिन फुनिन' असा स्वतंत्र शब्दच आहे. 1986 साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका रंगाच्या कंपनीतील विक्री-कर्मचाऱ्याचा खटला आला. घरी वृद्ध आई, नोकरी करणारी पत्नी, लहान मूल. त्याने नागोयाची बदली नाकारली, आणि कंपनीने त्याला काढून टाकले. खालच्या न्यायालयांनी त्याची बाजू घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. बदलीने होणारी अशी कौटुंबिक गैरसोय सामान्यतः सोसण्याजोगी आहे, असा निर्णयाचा आशय होता. पुढे, 1 एप्रिल 2024 पासून, कामाचे ठिकाण कोठवर बदलू शकेल हे नोकरी देतानाच लेखी कळवणे तेथील मालकांवर बंधनकारक झाले. अडतीस वर्षे लागली!

'वॉज ट्रान्सफर्ड'चा आग्रह मी सोडला नाही. इंग्रजीत त्याखेरीज निभावत नाही. पण एका सायंकाळी फळ्यावर त्याखाली आणखी एक वाक्य लिहिले : 'माय कंपनी ट्रान्सफर्ड मी टु पुणे.' त्यांनी ते मोठ्याने वाचले, मग मनातल्या मनात, आणि विचारले, "हे कचेरीत म्हणता येईल?"

"इंग्रजीत येईल," मी म्हणालो.