कोतवाल पंजी आणि जनुकांची साक्ष

भंडारा जिल्ह्यातील वरठीसारख्या गावात माणसाला आपले मूळ शोधत फिरावे लागत नाही, कारण तो एखाद्या ठिकाणी पोहोचण्याआधीच त्याचे मूळ तिथे पोहोचलेले असते. मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड हे स्थानक याच गावात आहे, सनफ्लॅगचा पोलाद कारखानाही इथेच आहे, आणि या दोहोंमुळे परप्रांतांतील माणसांची ये-जा गावाला नवी नाही; तरीही नवख्या माणसाच्या आडनावावरून जात, जातीवरून पोटजात आणि त्यावरून ‘मूळचे कुठले’ याचा उलगडा चार वाक्यांत होऊन जातो. आपले पूर्वज माळव्यातील धारकडून वैनगंगेच्या खोऱ्यात उतरले असे पोवार समाज सांगतो आणि त्याच्या वंशावळी भाटांनी जपलेल्या असतात; ज्यांना भाट नाहीत त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या नावापुढे कोतवाल पंजीत, म्हणजे गावच्या कोतवालाने ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, जात लिहिलेली सापडते. जन्माची इतकी दाट नोंद ठेवणाऱ्या समाजाला, आपण कोणत्या खंडातून, कोणत्या लोकांतून आलो हेच ठाऊक नसणे म्हणजे काय, याची कल्पना सहज करता येत नाही. आणि म्हणूनच आफ्रिकी वंशाच्या माणसांनी डीएनए चाचणीतून आपले मूळ शोधण्याचा जो उद्योग आरंभला आहे, त्याकडे इथून पाहताना तो निव्वळ कुतूहलाचा किंवा हौसेचा प्रकार वाटण्याचा धोका असतो.

तो तसा नाही. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या जहाजांत कोंबण्यात आले, आणि या व्यापाराने माणसांच्या श्रमाइतकीच त्यांची नावेही हिरावून घेतली. अमेरिकेतील १८५० आणि १८६० च्या जनगणनांत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या, पण त्यांत नाव मालकाचे असे आणि गुलामाच्या वाट्याला बहुधा वय, लिंग व वर्ण एवढ्याच नोंदी येत. दास्यमुक्तीनंतरच्या १८७० च्या जनगणनेत ही माणसे प्रथमच मोठ्या प्रमाणावर आपापल्या नावानिशी दिसू लागली. त्यामागे जाऊ पाहणाऱ्या वंशजासमोर कागद संपतो. ज्याचे कागदच कोणी लिहू दिले नाहीत, त्याने स्वतःच्या शरीरातील लेख वाचायला घ्यावा यात न्यायाचा एक अंश आहे, आणि तो मनापासून मान्य केला पाहिजे. २००३ पासून केवळ आफ्रिकी वंशमूळ सांगणारी खासगी चाचणी अमेरिकेत उपलब्ध आहे, आणि पुढे सिएरा लिओनसारख्या देशाने अशा चाचणीच्या आधारे काहींना नागरिकत्वही दिले आहे.

ही चाचणी नेमके काय वाचते हे समजून घेतल्याशिवाय तिचे मोल ठरवता येत नाही. पेशीतील तंतुकणिका, म्हणजे ऊर्जा निर्माण करणारे सूक्ष्म घटक, यांचा स्वतंत्र डीएनए केवळ आईकडून मिळतो, तर वाय गुणसूत्र केवळ बापाकडून मुलाकडे जाते. त्यांत हजारो वर्षांत क्वचित घडणारे बदल तसेच पुढे चालत राहतात, आणि एकाच प्राचीन बदलाचा वारसा सांगणाऱ्या शाखेला हॅप्लोग्रुप म्हणतात. परंतु दहा पिढ्या मागे गेल्यास वंशवृक्षात १०२४ पूर्वजांच्या जागा असतात, आणि हे दोन धागे मिळून त्यांतील फक्त दोघांपर्यंत पोहोचवतात. उरलेल्या १०२२ जणांविषयी ते मुके असतात. तिसरी पद्धत उरलेल्या सर्व गुणसूत्रांवरील लाखो खुणांची तुलना आजच्या निरनिराळ्या समूहांतून जमवलेल्या नमुन्यांशी, म्हणजे संदर्भसंचाशी, करते आणि टक्केवारी सांगते. यात तुलना आजच्या माणसांशी होते, तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांशी नव्हे. शिवाय बांटू भाषा बोलणारे समूह गेल्या काही हजार वर्षांत आफ्रिकेच्या मध्य, पूर्व व दक्षिण भागांत पसरलेले असल्याने त्यांच्यातील जनुकीय अंतर थोडे आहे, आणि अहवालात एका देशाचे किंवा एका जमातीचे नाव ठळकपणे छापलेले असले तरी ते अनुमानच असते.

भारतात या विद्येचा सर्वांत सुस्पष्ट उपयोग सिद्दी समाजाच्या अभ्यासात झाला. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात गुजरात व कर्नाटकातील सिद्दींचे नमुने तपासले, तेव्हा त्यांच्यात आफ्रिकी, भारतीय आणि कदाचित पोर्तुगीज अशा वारशांचे मिश्रण दिसले. मातृ आणि पितृ या दोन्ही धाग्यांनी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील बांटू भाषकांकडे बोट दाखवले. आणि स्थानिक समूहांशी त्यांचे मिश्रण गेल्या आठ पिढ्यांत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षांत, झाले असावे असे अनुमान निघाले. पोर्तुगीजांच्या गुलाम व्यापाराच्या नोंदींशी हे जुळते. मात्र हा निष्कर्ष उचलून महाराष्ट्राच्या सगळ्या हबशी इतिहासाला लावता येणार नाही. मलिक अंबर इथिओपियातून विकला जाऊन बगदादमार्गे अहमदनगरच्या निजामशाहीत आला, त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, जिला पुढे औरंगाबाद म्हटले गेले, १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकली, आणि १६२६ मध्ये मृत्यू आल्यावर त्याला खुलताबादेत पुरले. मुरूडच्या जंजिऱ्यावरील सिद्दींची सत्ता तर १९४८ पर्यंत टिकली. सेनापती, आरमारप्रमुख, राज्यकर्ते म्हणून आलेले किंवा झालेले हे हबशी आणि उत्तर कन्नडमधील येल्लापूर-हळियाळच्या रानांत आसरा घेणाऱ्या सिद्दींचे पूर्वज हे एकाच प्रवाहातले नव्हेत. ‘आफ्रिकी’ हा एक शब्द दोघांना पुरत नाही.

या संदर्भात नाशिकच्या शरणपूरइतके विचारप्रवृत्त करणारे दुसरे स्थळ महाराष्ट्रात नसावे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश नौदलाने हिंदी महासागरात पकडलेल्या गुलामवाहू जहाजांवरून मुक्त केलेल्या आफ्रिकी मुलामुलींपैकी अनेकांना मुंबईत उतरवले जाई, आणि त्यांतील काहींना चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपूर वस्तीत आणून लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. याओ समाजातील जेकब वेनराईट हा त्यांपैकीच एक. ज्याच्या सफरीत तो पुढे सामील झाला तो प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी मरण पावला, तेव्हा त्याचे हृदय तिथे पुरताना प्रार्थना वेनराईटने म्हटली आणि झाडावर लेखही त्यानेच कोरला. सहकाऱ्यांसह ते शव किनाऱ्यापर्यंत आणून तो पुढे लंडनला गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीत शवपेटी वाहणाऱ्यांत तो उभा होता. त्याची रोजनिशी आजही उपलब्ध आहे. पुढे १८७५ च्या सुमारास मोम्बासाजवळ फ्रियर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली, तेव्हा शरणपुरात शिकलेली अनेक माणसे तिकडे गेली आणि पूर्व आफ्रिकेत ती ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणूनच ओळखली गेली.

आता अशा एखाद्या कुटुंबातील आजच्या वंशजाने केनियात चाचणी केली, तर तिच्यातून काय हाती लागेल याचा विचार करावा. ज्या घरांत लग्ने आफ्रिकी मुलामुलींमध्येच झाली, त्यांच्या वंशजांच्या जनुकांत नाशिकचा मागमूसही नसणार, कारण नाशिकने त्या पूर्वजांना रक्त दिले नाही. त्याने अक्षरे दिली, कारागिरी दिली, सोबत दिली आणि एक नाव दिले. एका अख्ख्या पिढीचे बालपण जिथे घडले ते शहर चाचणीच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. याउलट उत्तर कन्नडच्या सिद्दींची जनुके आफ्रिकेची स्पष्ट ग्वाही देतात, पण त्यांच्या घरांत बोलली जाते ती मराठी-कानडीच्या छायेतली कोंकणी, आणि त्यांच्यात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्म नांदतात. माणसाच्या येण्याजाण्यातील किती थोडा भाग पेशीत उतरतो, हे या दोन उदाहरणांत जितके उघड होते तितके ते कोणत्याही सिद्धांताने होत नसेल.

भंडाऱ्याकडे वळल्यावर हाच प्रश्न वेगळेच रूप घेतो, कारण इथे मुळाचा शोध सरकारदरबारी घ्यावा लागतो आणि त्यावर शिक्षण व नोकरी अवलंबून असते. वरठी ज्या मोहाडी तालुक्यात आहे तो आणि एकूणच हा जिल्हा विणकरांचा. विदर्भातील विणकरांपैकी, म्हणजे कोष्टींपैकी, एका मोठ्या समूहाचे म्हणणे असे की आपण मूळचे हलबा, विणकाम हा नंतर पत्करलेला व्यवसाय, आणि म्हणून आपण अनुसूचित जमातीत मोडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २००० मध्ये ठरवले की अनुसूचीतील ‘हलबा’ ही नोंद जशी आहे तशीच वाचावी लागेल आणि पुरावे घेऊन तिच्यात ‘हलबा-कोष्टी’ बसवता येणार नाहीत. जमातीचे दाखले तपासणाऱ्या पडताळणी समित्या ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची कागदपत्रे मागतात, आणि त्याखेरीज आप्तभाव चाचणी घेतात, म्हणजे अर्जदाराच्या कुटुंबाचे देव, लग्नाचे व मृत्यूचे विधी, चालीरीती जमातीशी जुळतात का ते पाहतात. ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. ज्या प्रदेशात एका नोंदीवरून पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागते, तिथे उद्या कोणी थुंकीच्या नळीतून निघालेला अहवाल समितीच्या टेबलावर ठेवील, किंवा समितीच तो मागील, ही शंका अनाठायी नाही. तसे होऊ देता कामा नये. अमेरिकेतील आफ्रिकी वंशजाला चाचणी जे परत देऊ पाहते, ते त्याच्याकडून लुटले गेले होते. इथल्या माणसाकडून त्याचा जन्म कोणी लुटला नाही, उलट तो त्याच्यावर कायमचा लादला गेला आहे, आणि त्यावर प्रयोगशाळेची मोहोर उठली तर ते ओझे अधिकच पक्के होईल.

हा धोका कल्पनेतला नाही, कारण त्याचा पूर्वावतार याच भूमीने पाहिला आहे. ब्रिटिश प्रशासक हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावरून भारतीय जातींची वांशिक उतरंड लावण्याचा प्रयत्न केला, आणि मोजमाप आहे म्हणून ते शास्त्र वाटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात तीच मापे घेऊन दाखवून दिले की त्यांतून अस्पृश्यांचा वेगळा वंश सिद्ध होत नाही. त्याआधी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात असल्याचे मांडले होते. भारतीय समूहांच्या जनुकीय अभ्यासातून २०१३ मध्ये पुढे आलेला निष्कर्ष असा की आजपासून सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील वेगवेगळे समूह मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते, आणि त्यानंतर हे मिसळणे आटत जाऊन आपापसांतील विवाहांची बंधने घट्ट झाली. पेशींत शुद्धतेचा पुरावा नाही. तिथे आधी मोकळ्या मिश्रणाची आणि मग घातलेल्या कुंपणाची नोंद आहे. ज्या भंडारा मतदारसंघातून डॉ. आंबेडकर १९५४ ची पोटनिवडणूक लढले आणि हरले, तिथल्या वाचकाला तरी हे जनुकशास्त्र परके वाटू नये.

कर्नाटकातील उत्तर कन्नडच्या सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींच्या यादीत २००३ मध्ये झाला, म्हणजे त्यांच्या बांटू वंशमुळाचा सविस्तर जनुकीय निष्कर्ष प्रसिद्ध होण्याच्या आठ वर्षे आधी. जमात ठरवण्यासाठी १९६५ च्या लोकूर समितीने सुचवलेले निकष म्हणजे आदिम वैशिष्ट्ये, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपण, इतरांशी मिसळण्यातील संकोच आणि मागासलेपण. यांपैकी काही निकषांवर आज वाजवी आक्षेप घेतले जातात, पण त्या यादीत रक्ताचा उल्लेख नाही, आणि सिद्दींना आपला हक्क मिळवण्यासाठी आपण मोझांबिकचे की टांझानियाचे हे सिद्ध करावे लागले नाही.