शोषणाच्या बाजूची हवा

पंपाच्या पुढची गळती मला कधी घाबरवत नाही. तिथे डिझेल दाबाखाली असतं. जोड सैल झाला की डिझेल बाहेर येतं, पाईप ओला होतो, हात फिरवला की कळतं. कॉपर वॉशर बदलायचा, बोल्ट आवळायचा, विषय संपला. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाईपात डिझेल ओढलं जात असतं. तिथे फट पडली तर थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. पाईप कोरडा, जोड कोरडे, सगळं स्वच्छ, आणि इंजिन मात्र भर समुद्रात बंद पडतं. माझ्या उभ्या आयुष्यात या एका दोषाने मला जेवढं जागवलंय तेवढं फुटलेल्या पिस्टनने किंवा वाकलेल्या शाफ्टनेही जागवलेलं नाही. फुटलेली वस्तू हातात घेता येते. ही हवा स्वतःची खूण ठेवत नाही.

मी हर्णै बंदरावरचा मिस्त्री. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या अंजर्ल्याच्या खाडीत ओढलेल्या असतात, आणि तोच माझा खरा हंगाम. नारळी पौर्णिमेच्या आधी जेवढी इंजिनं उघडून बसवायची तेवढी बसवायची. त्यानंतर वर्षभर निरोप येतात: इंजिन गरम होतंय, धूर काळा येतोय, गिअर पडत नाही. त्यातलं ‘हवा धरतंय’ एवढंच ऐकलं की मी हातातला चहा खाली ठेवतो.

गेल्या माघातल्या अष्टमीला आम्ही शाळेपासूनचे मित्र गरवायला निघालो होतो. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात, म्हणजे अष्टमीला सहा. सकाळी सहाच्या भरतीवर खाडीतून बाहेर पडायचं आणि संध्याकाळच्या भरतीवर परत आत यायचं, कारण मुखाशी गाळ इतका आहे की मधल्या वेळात होडी टेकते. अष्टमीला भांगाचं पाणी, ओढ कमी, तंगूस सरळ तळाला जातो. सुवर्णदुर्गाच्या पश्चिमेच्या खडपांवर गोबरा आणि तांबोशी गरवायला याहून चांगला दिवस नाही. एक मित्र खास डोंबिवलीहून रजा टाकून आला होता. कोळंबी, बांगड्याचे तुकडे, शिसं, गऱ्या, सगळं आदल्या रात्रीच त्याने मांडून ठेवलं होतं.

होडी आमच्यातल्याच एका नाखव्याची. दोन सिलिंडरचं जुनं इंजिन. दिवाळीपासून ते समुद्रात मध्येच बंद पडतं अशी त्याची तक्रार होती. बंदरावरच्या दुसऱ्या एका मिस्त्रींनी फीड पंप बदलला, फिल्टर बदलला, टाकीपासूनचा रबरी पाईपही नवा घातला. बंदरात तासन्‌तास चालवून दाखवलं, इंजिन एकदाही अडखळलं नाही. समुद्रात गेलं की पुन्हा तेच. नाखव्याने मला गरवायला बोलावलं त्यात अर्धा हेतू हाच होता, आणि मला तो ठाऊक होता. निघताना मी सगळ्यांसमोर म्हणालो, “मी होडीत असताना बंद पडायचं नाही.” हे मी मनापासून म्हणालो होतो. इतकी वर्षं लोकांनी माझ्या कानाचं कौतुक केलं, की पुळणीवर उभा राहून मी लांबून येणाऱ्या होडीचं कुठलं नोझल चुकतंय ते सांगतो. ते कौतुक मला जेवणाइतकं लागायचं.

नाखव्याची मुलगी बरोबर होती. आयटीआयमधून मेकॅनिक डिझेलचा कोर्स करून ती माझ्याकडे शिकते. किल्ला मागे टाकला आणि ती इंजिनाच्या फळीवर वाकून म्हणाली, “काका, नोझल चुकतंय.” मी ऐकलं. मला सायलेन्सरचा ठोका भरीव, एकसारखा ऐकू येत होता. मी मान हलवली, “काही नाही गं.” ती गप्प बसली. थोड्याच वेळात इंजिनाचे फेरे खाली आले, वर गेले, पुन्हा खाली आले आणि इंजिन बंद पडलं.

सकाळचा मतलई वारा जमिनीकडून वाहतो, बंद होडीला तो सरळ पश्चिमेला ढकलतो. म्हणून आधी नांगर. नांगर पडला तो रेतीवर, खडपांपासून लांब. मग मी फिल्टरचा स्क्रू सैल केला, हातपंप मारला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. नांगर उचलला, खडपांच्या दिशेने थोडं गेलो, आणि पुन्हा बंद. पुन्हा फेस, पुन्हा डिझेल, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. एवढ्यात लिलावासाठी हर्णैला परतणाऱ्या एका ट्रॉलरच्या तांडेलाने वेग कमी करून दोर उचलून दाखवला. मी हात हलवून त्याला जायला सांगितलं. मित्रांकडे न बघताच.

त्या हात हलवण्याबद्दल डोंबिवलीचा मित्र अजून रागावलेला आहे, आणि त्याचं चुकत नाही. पण मी दोराने ओढला जाऊन बंदरात आलो असतो तर तिथे टाकी भरली असती, इंजिन चाललं असतं, आणि दोष तसाच आत राहिला असता. हा दोष पकडायचा तर तो जिथे होतो तिथेच. हे माझं कारण खरं होतं. त्याच्या जोडीला दुसरंही होतं: हर्णैच्या पुळणीवर मासळीच्या टोपल्यांमध्ये उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर मला दोराच्या टोकाला यायचं नव्हतं. दोन्हींतलं कुठलं जास्त जड होतं ते मी कितीही विचार केला तरी वेगळं काढू शकलेलो नाही.

मग जोड. शोषणाच्या बाजूची हवा शोधायची माझी पद्धत ग्रीसची आहे. टाकीकडून सुरुवात करून एकेका जोडावर जाड ग्रीस थापायचं आणि दर वेळी इंजिन चालवून बघायचं. ज्या जोडाला ग्रीस लावल्यावर इंजिन टिकलं, तो चोर. पद्धत सावकाश आहे, पण दोषाच्या जागी नेऊन उभी करते. दुसरी पद्धत झटपट आहे. डिझेलचा कॅन इंजिनाच्या वर टांगायचा आणि त्याची नळी थेट फीड पंपाला द्यायची. डिझेल वरून आपल्या वजनाने येतं, ओढावं लागत नाही. इंजिन नीट चाललं तर पंपापासून नोझलपर्यंत सगळं निर्दोष आणि दोष मागे कुठेतरी. त्याच्याही पुढे जायचं तर संशयित पाईपालाच वरून डिझेल सोडायचं, म्हणजे जी फट हवा ओढत होती ती आता डिझेल गाळते, आणि कोरडी जागा ओली होते. पोरीने सकाळीच विचारलं होतं, “काका, कॅन टांगून बघू का?” मीच तिला शिकवलेली पद्धत. मी म्हणालो, “थांब.” कॅन अर्धंच सांगतो. मला जागा हवी होती, आणि ती माझ्या हाताने हवी होती.

सगळे जोड ग्रीसने भरले. काही फरक नाही. रबरी पाईप नवा, क्लिपा घट्ट, फिल्टरची रिंग नवी. त्या दुसऱ्या मिस्त्रींचं काम स्वच्छ होतं, हे मला तिथे गुडघ्यावर बसून मान्य करावं लागलं. त्यांच्याबद्दल मी बंदरावर बरंच बोललो आहे आणि त्यातलं पुष्कळ अजूनही खरं मानतो. आजचे मिस्त्री दोष शोधत नाहीत, वस्तू बदलतात. फीड पंप बदलला, चाललं नाही तर इंजेक्शन पंप काढून सर्व्हिसला पाठवला, चाललं नाही तर नवं इंजिन घ्या. नव्या इंजिनांत तर कॉम्प्युटर लावतात, तो रेलचा दाब कमी आहे म्हणून सांगतो. दाब कमी आहे हे बंद पडलेलं इंजिनच सांगत असतं. कुठे कमी पडला ते कोण सांगणार? आउटबोर्डवाले तरुण तर झाकणही उघडत नाहीत. दोन इंजिनं लावतात, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येतात. घरी येणं महत्त्वाचं आहे, मला कळतं. पण अशाने बंदरावर दोष ओळखणारा माणूस उरत नाही, फक्त सुट्या भागांचं दुकान उरतं.

दुपारी वारा फिरला. खारे वारे सुटले, होडी नांगराभोवती वळली. मित्रांच्या गरीला रेतीवरच्या शिंगट्यांखेरीज काही लागलं नव्हतं. भाकऱ्या आणि सुकटीची चटणी खाताना कोणी माझ्याशी फारसं बोललं नाही. बारा वाजताची सुकती, पाणी थांबलेलं, गोबऱ्यासाठी हीच वेळ, आणि खडप डोळ्यांना दिसत होते. शेवटी मी म्हणालो, “टांग कॅन.” तिने तो शिडाच्या जुन्या काठीला बांधला, नळी जोडली. इंजिन सुरू झालं आणि बंद पडलंच नाही. पण टांगलेल्या कॅनवर खडपांच्या लाटांत शिरायला नाखवा तयार नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं. आम्ही अंजर्ल्याच्या मुखाबाहेर येऊन भरतीची वाट बघत बसलो.

तिथे तिने मला विचारलं, “काका, बंदरात चालवून बघतात तेव्हा टाकी भरलेली असते ना?”

मी उत्तर दिलं नाही. पण त्याच क्षणी मला सगळं दिसलं. शहाळ्यातल्या नळीला मध्यावर भोक असेल तर शहाळं भरलेलं असेपर्यंत पाणी येतं, पाणी भोकाखाली गेलं की तोंडात हवा येते. टाकीत वरून खाली उतरणारा जो ओढनळीचा पाईप असतो, त्याला आत कुठेतरी भोक होतं. टाकी निम्म्याहून वर असली की भोक डिझेलमध्ये बुडलेलं, म्हणजे भोकातूनही डिझेलच ओढलं जाणार, काहीच बिघडत नाही. पातळी खाली गेली, त्यात होडी डोलायला लागली, की भोक उघडं पडणार. मिस्त्री बंदरात टाकी भरून चालवणार, नाखवा समुद्रात ती रिकामी करणार, आणि दोघेही एकमेकांना खोटं ठरवणार.

दुसऱ्या दिवशी टाकीवरचा गंजलेला बोल्ट गरम करून सोडवला आणि पाईप उपसला. तांब्याचा पाईप, त्याला आधाराला लोखंडी क्लिप. वर्षानुवर्षांच्या थरथरीने क्लिप घासून घासून पाईपला केसाएवढी चीर पडली होती, जवळपास निम्म्या उंचीवर. तिथे जमलेल्या लोकांना मी पाईप दाखवला, चिरेवर नख फिरवलं आणि सगळं समजावून सांगितलं: टाकी भरलेली, टाकी रिकामी, भोक वर, भोक खाली. ती शेजारी पाना धरून उभी होती. तिने विचारलेला प्रश्न मी सांगितला नाही. ती काही बोलली नाही. तिचे वडीलही बोलले नाहीत, आणि ते त्या वेळी होडीत होते.

पुढच्या आठवड्यात मी कान तपासून घेतले. नोझलची टिकटिक बारीक असते, उंच स्वराची. सायलेन्सरचा ठोका खालचा. डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला: खालचे स्वर जवळजवळ शाबूत आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा. मोठ्या आवाजात वर्षं काढलेल्या माणसांच्या कानाला पहिला खड्डा तिथेच पडतो. म्हणजे इंजिन चांगलं चाललेलं मला ऐकू येतं, बिघडायला लागलेलं ऐकू येत नाही. पूर्ण बिघडल्यावर फेरे खाली येतात तेव्हा ऐकू येतं, पण तेव्हा ते होडीतल्या सगळ्यांनाच ऐकू येतं. मी डॉक्टरांना विचारलं, लांब पेचकस नोझलला टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली तर? आम्ही सगळे तसंच ऐकतो. ते म्हणाले, हाडातून आवाज आतल्या कानापर्यंत पोचेल, पण खराब झालेला आतलाच कान आहे. तिथल्या पेशी मेल्या की परत येत नाहीत.

पंच्याऐंशी डेसिबलच्या वर आठ तास काढू नयेत असं सांगतात. फळी उघडून चालू डिझेल इंजिनावर वाकलेला मिस्त्री त्याच्या खूप वर असतो. कानावर लावायचे मफ मला माझ्या मुलाने फार पूर्वी आणून दिले होते. मी ते खुंटीला टांगून ठेवले, कारण कान झाकून काम करणारा मिस्त्री इंजिन ऐकतो कसं, असं लोक म्हणतील. माझा कान ही माझी शान होती, आणि त्या शानेपायीच तो गेला.

हात मात्र शाबूत आहे. नोझलच्या दाबाच्या पाईपावर बोट ठेवलं की प्रत्येक फवाऱ्याचा ठोका लागतो, आणि हवा आली की त्याच पाईपाचा ठोका मऊ होतो. पण त्यासाठी आधी कोणीतरी सांगावं लागतं की बोट ठेवायची वेळ झाली. ते आता ती सांगते. तिचे मफ मी विकत आणले आहेत. ते घालूनही तिला नोझल ऐकू येतं, कारण दणका बाहेर राहतो आणि पेचकसाची मूठ हाडाला लागते. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

बंदरावर अजून सांगतात की अष्टमीच्या दिवशी त्या होडीच्या टाकीतलं भोक मी शोधलं. मी ते कधी खोडलं नाही. इथे खोडतो. प्रश्न तिने विचारला, माझं कारण त्या प्रश्नानंतर आलं. हर्णै, अंजर्ले, केळशी, दाभोळ इथल्या नाखव्यांना विनंती, यंदा पावसाळ्यात होडी ओढली की टाकीतला ओढनळीचा पाईप एकदा उपसून क्लिपेखाली बघून घ्या. आणि भर हंगामात कोणाचं इंजिन हवा धरायला लागलं तर आधी तिला बोलवा. गंजलेला बोल्ट सोडवायचा असेल तर मी येतो.