तीन झाल्या

३ जून २०२१ला दुपारी साडेतीन वाजता, मेलबर्नमधल्या माझ्या खोलीत बसून मी मिरजेत चाललेला आजीचा तेरावा मोबाइलवर पाहिला. तिकडे सकाळचे अकरा. दादानं फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. तो दोनदा घसरला, आणि मग बराच वेळ मला नुसता फिरता पंखा दिसत राहिला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही ओरडून सांगितलं नाही.

जायला बंदी नव्हती, हे आधीच सांगते. स्टुडंट व्हिसावर असलेल्यांना ऑस्ट्रेलिया सोडता येत होतं, परत येता येत नव्हतं. माझी दोन सेमिस्टर उरली होती आणि घरावर कर्ज काढलेलं. आईच म्हणाली, "येऊ नकोस." मी ऐकलं. किती पटकन ऐकलं, ते अजून टोचतं.

शहरात चौथा लॉकडाऊन होता. घरापासून पाच किलोमीटरची हद्द, ती त्याच रात्री दहा झाली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अ‍ॅव्हलांचेस या मेलबर्नच्याच बँडच्या 'सिन्स आय लेफ्ट यू' या अल्बमची वीस वर्षांनिमित्तची वाढीव आवृत्ती आली. मूळ अल्बम नोव्हेंबर २०००चा, म्हणजे विसावा वाढदिवस उलटूनही गेला होता. रूममेटनं लिंक पाठवली. नावाचा अर्थ, 'तुला सोडून आल्यापासून'. मी फोन पालथा ठेवला. रात्री लावलाच.

तुम्ही ऐकला नसेल तर: यात बँडनं स्वतः वाजवलेलं फारसं काही नाही. कुणाला नको असलेल्या जुन्या रेकॉर्ड्स, त्यातल्या कितीतरी इथल्या 'ऑप शॉप'मधल्या, म्हणजे लोकांनी देऊन टाकलेल्या वस्तूंच्या दुकानांतल्या. त्यांचे तुकडे सॅम्पलरवर कापून एकमेकांना शिवलेत. गोधडीच. तुकडे किती? नऊशेपासून साडेतीन हजारांपर्यंत आकडे सांगितले जातात. त्यात मॅडोनाच्या 'हॉलिडे'चाही एक आहे, रीतसर परवानगी घेऊन. एक गाणं कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं ते कळत नाही. बोटीवर पार्टी चालू आहे आणि आपण या खोलीतून त्या खोलीत भटकतोय असं वाटतं. मध्येच घोडा खिंकाळतो.

मग 'फ्रंटियर सायकायट्रिस्ट' लागलं. वेन आणि शूस्टर या कॅनडातल्या विनोदी जोडगोळीच्या जुन्या स्किटमधले संवाद त्यात तालावर कापलेत. सगळे अगदी गंभीर आवाजात बोलत असतात आणि एकदम पोपट बोलायला लागतो. मी हसले. मोठ्यानं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. लगेच गाणं थांबवलं आणि खोलीचं दार नीट लागलंय ना, ते उठून पाहिलं.

रविवारी आईशी बोलताना लॅपटॉपवर तोच अल्बम चालू राहिला होता.

"काय लावलंयस गं?"

"काही नाही. बंद करते."

"असू दे. ते घोडं का खिंकाळतंय मधेच?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "त्यांना आवडलं असेल," म्हटलं. तिकडे आई हसली. थोडंसंच, नाकातून. मग आम्ही दोघीही काही बोललो नाही. बंदही केलं नाही.

वाढीव भाग म्हणजे मुख्यतः रीमिक्सेस: कॉर्नेलियस, स्टिरिओलॅब, प्रिन्स पॉल, असे बरेच जण. खरं सांगू? त्यातली निम्मीअधिक मला पुन्हा ऐकावीशी वाटली नाहीत. मूळ अल्बममध्ये प्रत्येक तुकडा कुठून तरी वाहत आल्यासारखा वाटतो. इथे त्याला धरून खुर्चीत बसवलंय. अडकले ते एमएफ डूमच्या रीमिक्सपाशी. तो ऑक्टोबर २०२०मध्ये गेला, जगाला कळलं ३१ डिसेंबरला, आणि जूनमध्ये त्याचं आधी कधी न आलेलं काम समोर आलं. माणूस गेल्यावरही त्याचं काहीतरी नवीन येऊ शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच रात्री घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'आजीच्या व्हॉइस नोट्स कुणाकडे असतील तर पाठवा.' माझ्याकडे सहाच होत्या, बाकीच्या फोन बदलताना गेल्या.

दोन दिवसांत सत्तावीस आल्या. मावशीच्या बहुतेक सगळ्यांत 'फोन कर गं' एवढंच. आतेभावाच्या दोनमध्ये तिला तो कोण ते नीट आठवत नाहीये. दादाला पाठवलेल्या एकीत ती विचारते, "ती दिवाळीला येणार हाय का न्हाई?" ती मी एकदाच ऐकली.

आणि एक बावन्न सेकंदांची. बटण चुकून दाबलेलं राहिलंय. चपला फरफटत जातात. टीव्हीवर साबणाची जाहिरात. खाली रस्त्यावर मेथीवाला. कुकरची शिट्टी होते, आणि स्वयंपाकघरात दुसरं कुणीही नसताना आजी म्हणते, "तीन झाल्या." मग गॅसचं बटण फिरवल्याचा आवाज येतो.