मानता का?

आमच्या नागपुरात मैत्री टिकवायची असेल तर उन्हाविषयी बोलावे, डार्विनविषयी बोलू नये. परवा मी बोललो. शेजारच्या ख्रिस्ती मास्तरांना विचारलं, ‘‘तुम्ही उत्क्रांती मानता का हो?’’

‘‘मी येशूला मानतो,’’ म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून उठले! वीस वर्षांत पहिल्यांदाच.

रात्री डोक्यात प्रकाश पडला. चूक डार्विनची नव्हती, बायबलचीही नव्हती, ‘मानता’ची होती. देवाला मानायचं, थोरामोठ्यांना मानायचं, आणि तेच क्रियापद मी माकडापुढे नेऊन ठेवलं! ज्यांच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप मिशनरीच होते. पण टाकळीच्या खडकांतले जीवाश्म गोळा करून, हंटरसाहेबांच्या जोडीने त्यांनी १८५५ साली नागपूरच्या भूगर्भावर निबंध प्रसिद्ध केला. डार्विनच्या ग्रंथाआधी चार वर्षं. बायबल आणि हातोडा एकाच घरात नांदत होते.

सकाळी उठून गेलो आणि क्रियापद बदललं. ‘‘मास्तर, उत्क्रांतीचे पुरावे पटतात का?’’

‘‘न पटायला काय झालं? तीस वर्षं शाळेत तेच शिकवलं. फक्त मानायला लावू नका!’’

मग त्यांनी राहिलेला चहा मागितला.