धुरावाचून अग्नी

मराठी भाषेने अग्नीची मोठी बडदास्त ठेवली आहे. दिवा आपण लावतो, चूल पेटवतो, विडी शिलगावतो. समई तेवते, होळी भडकते, निखारा धुमसतो. आणि देवापुढचे निरांजन विझत नाही, शांत होते. वर्गात हे सारे मी मोठ्या हौसेने सांगतो. पण आमच्या न्हाणीघरातल्या गॅस गीझरला यांतले एकही क्रियापद लागू पडत नाही. तो नुसता ‘चालू होतो’. आणि गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी तो चालू होईना!

दोनच दिवसांवर नरक चतुर्दशी. आईने उटणे चाळून ठेवले होते, वासाचे तेल आणून झाले होते. पंचाहत्तरी उलटलेल्या आईला पहाटेचे अभ्यंगस्नान कढत पाण्यानेच हवे. “गार पाण्याने आंघोळ करायची तर मग नरकासुर मेला काय आणि जगला काय!” असे तिचे मत.

माझे लहानपण कसबा पेठेतल्या वाड्यात गेले. तिथे हे संकट नव्हते, कारण तिथे बंब होता. तांबट आळीत ठोकून घडवलेला, मठारलेल्या तांब्याचा, पोट सुटलेल्या गृहस्थासारखा आमचा बंब न्हाणीच्या दाराशी उभा असे. मधल्या नळकांड्यात गोवऱ्या आणि ढलप्या, भोवती पाणी. नरसाळ्यातून एक तांब्या गार पाणी ओतावे, की दुसऱ्या बाजूने तेवढेच कढत पाणी घंगाळात पडे. काही दिल्यावाचून बंब काही देत नसे. या शब्दाचीही गंमत पाहा : घरात विस्तव पेटवून पाणी तापवणारा तोही बंब, आणि घर पेटले तर पाणी घेऊन घणघणत येणारा तोही बंब. गीझर हा शब्द मात्र थेट आइसलंडाहून आला. तिथल्या गेसिर नावाच्या एका उष्ण कारंज्याचे नाव जगभरच्या कारंज्यांना लागले आणि मग आमच्या भिंतीवरच्या पेटीलाही.

बंब पेटला नाही तर कारण डोळ्यांना दिसे : लाकूड ओले, नाहीतर राख साठलेली. ही पांढरी पेटी बिघडली की मात्र सौ. माझ्याकडे पाहते आणि मी पेटीकडे. शेवटी धनत्रयोदशीला दुपारी दुरुस्ती करणारा तरुण आला. त्याने पेटीला हातही लावला नाही. “सर, नळ सोडा आणि फक्त ऐका,” म्हणाला.

त्याचे शास्त्र सारे कानावर चाललेले. नळ सोडल्यावर आतून टिक् टिक् आवाज आला पाहिजे. तो ठिणगीचा आवाज. आवाज येतो पण ज्योत धरत नाही, तर गॅस पोचत नाही : सिलिंडर संपला असेल, रेग्युलेटर बंद असेल, किंवा नवा सिलिंडर लावल्यावर नळीत हवा अडकली असेल. ज्योत धरते आणि लगेच मरते, तर ज्योत ओळखणाऱ्या काडीवर काजळी धरली असेल. आणि आवाजच नाही, तर दोनच गोष्टी : सेल किंवा पाणी. दीड-दीड व्होल्टचे दोन जाडे सेल मी आदल्याच दिवशी बदलले होते. आवाज नव्हता.

मग त्याने गार पाण्याचा नळ सोडला. धो धो. गरम पाण्याचा सोडला. करंगळीएवढी धार. “सर, सोसायटीची टाकी धुतली का हो इतक्यात?”

धुतली होती. दिवाळीसाठी, चारच दिवसांपूर्वी. त्याने पाण्याची नळी सोडवली, तिच्या तोंडाशी असलेली नखाएवढी जाळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. टाकीतला गाळ येऊन ती लिंपून गेली होती. आतला रबरी पडदा पाण्याच्या रेट्याने उचलला गेला, तरच बटण दाबले जाते, तरच ठिणगी पडते, तरच गॅस सुटतो. आम्ही वरच्या मजल्यावर. टाकी डोक्यावर, तेव्हा मुळात रेटा बेताचाच. त्यात जाळी तुंबलेली. जुन्या टूथब्रशाने जाळी घासून बसवली, आणि पेटी टिकटिकली, निळी ज्योत फुलली.

“बिघाड नव्हताच सर. पाणी नाही तर गॅस नाही, ज्योत नाही तर गॅस नाही, असाच त्याला शिकवलाय. तो नाही म्हणतो ते आपल्याच भल्यासाठी.”

आईने चहा पुढे केला आणि आपले गाऱ्हाणे मांडले. “बाळ, एवढी ती वरची खिडकी कायमची बंद करून दे रे. पहाटे वारा नुसता बोचतो.”

त्याने कप खाली ठेवला. “आजी, ते काम मी करणार नाही.” जरा थांबून म्हणाला, “दोन हिवाळ्यांमागे एका घरी गीझर काढून न्यायला बोलावलं होतं मला. दुरुस्तीला नाही, काढायला. कॉलेजातला मुलगा. थंडी म्हणून खिडकीला पुठ्ठा लावला होता. आंघोळीला गेला. गीझर चांगला होता, आजी. काही बिघडलं नव्हतं त्याचं.”

कोणीच काही बोलले नाही. मी त्याच वयाची मुले रोज समोर पाहतो.

कोंडलेल्या जागेत ज्योत जळत राहिली की हवेतला प्राणवायू उणा होत जातो, जळण अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके दुखते, भोवळ येते, पायांतले बळ जाते. कडी हाताच्या अंतरावर असून हात पोचत नाही. सिलिंडरातल्या गॅसला वास असतो, कारण गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. या वायूला वासही नाही आणि रंगही नाही.

आमच्या तर्कशास्त्रातले प्रसिद्ध उदाहरण म्हणजे डोंगरावरचा धूर : धूर दिसतो, अर्थी तिथे अग्नी आहे. बंबाच्या धुराने डोळे चुरचुरत, आजी खोकत खोकत दार सताड उघडी आणि त्या धुराला शिव्या घाली. तो धूर हाकारा होता, हे आता कळते. नव्या अग्नीने धूर टाकून दिला आणि आपल्याला सावध करणारे कोणी उरले नाही.

जाताना तो तरुण सांगून गेला : “पेटी ड्राय बाल्कनीत हलवा. तोवर दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, मगच आंघोळ.” म्हणजे पुन्हा घंगाळाचीच रीत! चतुर्दशीला पहाटे मी बादल्या भरल्या. अंगाला तेल लावून घेतलेली आई आत जायच्या आधी दारातच थांबली, मान वर करून खिडकी पाहिली, आणि मग कडी न लावता दार नुसते लोटून घेतले. मार्गशीर्षात पेटी बाल्कनीत गेली.

तुमच्या घरी यंदा उटणे भिजेल, तेव्हा न्हाणीघराची खिडकी उघडी आहे ना, एवढे आधी पाहा. वारा बोचेल थोडा. बोचू द्या.